बाथरूमचा दिवा, टाइल्सच्या आधी

पुण्यात जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजून जातात. शाळेची बस त्याआधीच फाटकाशी येते, हिंजवडीकडे जाणारी कंपनीची बसही तिच्या मागोमाग. म्हणजे घरातली निम्मी माणसं अंधारातच आंघोळ करतात, दाढी करतात, वेणी घालतात. तरीही घराचं काम काढलं की बाथरूमच्या दिव्याचा विचार अगदी शेवटी होतो. टाइल्स निवडायला सगळं घर दुकानात जातं, नळांवर चर्चा झडते, आणि वायरमनने "पॉइंट कुठे देऊ?" असं विचारलं की आपण म्हणतो, "द्या दरवाजावर, नेहमीसारखा."

दरवाजावरचा तो एकटा दिवा आरशासमोर उभं राहिलं की बहुतेक वेळा आपल्या पाठीमागे येतो. उजेड आपल्या डोक्यावर आणि खांद्यांवर पडतो, चेहरा सावलीत राहतो. आंघोळीच्या कोपऱ्यातही आपलीच सावली फरशीवर पडते, आणि साबणाचं पाणी नेमकं तिथेच साचलेलं असतं. दिव्याची जागा छताकडे बघून ठरवायची नसते. माणूस कुठे उभा राहतो, कुठे बसतो आणि पाय कुठे ठेवतो ते बघून ठरवायची असते. आणि हे सगळं टाइल्स लागण्याआधी ठरलं पाहिजे, कारण नंतर दिवा दोन फूट सरकवायचा झाला तरी भिंत फोडावी लागते.

सुरुवात कागद-पेन्सिलीने करावी. बाथरूमचा साधा आराखडा काढावा: दरवाजा, खिडकी, बेसिन, शॉवर किंवा बादलीची जागा, कमोड, गिझर, असल्यास वॉशिंग मशीन. लांबी-रुंदीबरोबर छताची उंचीही लिहावी. लॉफ्ट असेल तर तो जमिनीपासून किती उंच आहे तेही मोजावं. या दोन उंची पुढे फार कामाला येणार आहेत.

मग दिवसाचा उजेड बघावा. पुण्यातल्या बहुसंख्य फ्लॅटमध्ये बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. पाइप नेण्यासाठी ठेवलेल्या त्या अरुंद उभ्या पोकळीत ऊन शिरतं ते फक्त दुपारी, सूर्य माथ्यावर असताना. वरच्या मजल्यांना थोडाफार उजेड मिळतो, खालच्यांना जवळपास नाहीच. वाड्यांमधल्या न्हाणीघराला निदान चौकाचा किंवा परसाचा उजेड तरी असायचा. डक्टच्या खिडकीवर फार भरवसा ठेवू नये. मात्र काचेच्या पट्ट्या घासून पुसाव्यात, आणि सोसायटी ऐकत असेल तर डक्टच्या भिंतींना पांढरा रंग द्यायला सांगावं. एवढ्यानेही फरक दिसतो. खिडकी पूर्वेला मोकळ्या जागेत उघडत असेल तर आपण नशीबवान आहात. तरी सकाळी सहाचा आणि रात्रीचा विचार करूनच दिवे ठरवावेत.

आता किती उजेड लागेल ते पाहू. आपल्याला वॅटमध्ये बोलायची सवय आहे, पण वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. उजेड किती देतो ते सांगतं लुमेन. 5 जानेवारी 2015 ला केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी पोचले. तेव्हापासून 9 वॅटचा बल्ब सगळ्यांच्या ओळखीचा झाला. तो साधारण 800 ते 900 लुमेन देतो. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब सुमारे 700 देत असे. खोक्यावर लुमेनचा आकडा छापलेला असतो, तोच बघून खरेदी करावी.

जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप लक्स. एक चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. बाथरूममध्ये सर्वसाधारण वावरायला 100 ते 150 लक्स पुरतात, आरशासमोर चेहऱ्यावर मात्र 300 च्या आसपास हवेत. समजा, आपली बाथरूम पाच बाय आठ फूट आहे, म्हणजे 40 चौरस फूट, म्हणजेच साधारण 3.7 चौरस मीटर. 150 लक्ससाठी फरशीवर सुमारे 555 लुमेन पडायला हवेत. दिव्याचं झाकण, भिंती आणि कोपरे मिळून जवळपास निम्मा उजेड गिळतात, म्हणून दिवा 1100 लुमेनचा धरावा. 12 वॅटचा चांगला एलईडी एवढा उजेड देतो. हा झाला वरचा दिवा. आरशाचा हिशेब वेगळा.

इथे टाइल्स मध्ये येतात. हल्ली गडद राखाडी, खरखरीत पोताच्या टाइल्सची आवड आहे. दिसतात सुंदर, पण उजेड शोषून घेतात. पांढऱ्या चकचकीत टाइल्सवर जो दिवा भरपूर वाटतो तो गडद भिंतींत मिणमिणता वाटतो. भिंती गडद घेणार असाल तर वरच्या हिशेबात निम्म्याने वाढ करावी आणि छत तरी पांढरं ठेवावं.

आता आरसा. माझ्या मते सगळ्यांत जास्त विचार इथे खर्च व्हावा, कारण सगळ्यांत जास्त चुकाही इथेच होतात. नेहमीची चूक म्हणजे बेसिनच्या बरोबर वर छतात बसवलेला गोल डाऊनलाइट. उजेड सरळ खाली पडतो आणि भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली काळ्या सावल्या येतात. दाढी करताना गळ्याकडचा भाग दिसत नाही, आणि धडधाकट माणूससुद्धा आरशात आजारी दिसतो. दिवा अजून मागे, आपल्या डोक्यामागे गेला तर आणखी वाईट.

चेहऱ्यावर उजेड समोरून आणि दोन्ही बाजूंनी यायला हवा. आरशाच्या डाव्या-उजव्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण पाच ते साडेपाच फुटांवर एकेक दिवा द्यावा. दोन्हींत दोन ते अडीच फूट अंतर ठेवावं. गोल बल्बापेक्षा उभी पट्टी चांगली. साडेचार फुटांची आजी आणि सहा फुटांचा नातू दोघांनाही ती सारखीच उपयोगी पडते. दिव्याला दुधी झाकण हवं. उघडे एलईडीचे ठिपके डोळ्यांत टोचतात. प्रत्येकी 400-500 लुमेन पुरे.

बेसिन कोपऱ्यात असेल, एका बाजूला भिंत असेल, तर दोन दिवे बसत नाहीत. पुण्यातल्या लहान फ्लॅटमध्ये बहुधा असंच असतं. तेव्हा आरशाच्या वर, साडेसहा फुटांच्या आसपास, आडवी दोन फुटी पट्टी लावावी. तिचा उजेड भिंतीकडे न जाता पुढे, माणसाकडे यायला हवा, म्हणून भिंतीपासून थोडी पुढे आलेली फिटिंग घ्यावी. खाली पांढरं बेसिन असेल तर तेही थोडा उजेड वर परतवतं आणि हनुवटीखालची सावली हलकी होते.

मागून उजळणारे आरसे सध्या सगळीकडे दिसतात. त्यांतल्या अनेकांचा उजेड मागच्या भिंतीवर पडतो, चेहऱ्यावर कमी येतो. घ्यायचा असेल तर ज्याच्या काचेच्या समोरच्या कडेतून उजेड बाहेर पडतो असा घ्यावा. त्यासाठी आरशाच्या मागे, त्याच्या मापात लपेल असा वायरचा पॉइंट आधीच काढून ठेवावा लागतो. आरसा आल्यावर हे आठवलं तर वायर टाइल्सवरून लोंबते.

दिव्याचा रंग केल्विन या आकड्यात सांगतात. आकडा लहान तर उजेड पिवळसर, मोठा तर निळसर पांढरा. तेलाची पणती 1900 केल्विनच्या आसपास असते, जुना पिवळा बल्ब 2700, आणि दुकानात 'कूल डे लाइट' म्हणून मिळणारा 6500. आपल्याकडे पांढराशुभ्र म्हणजे स्वच्छ असं समीकरण झालंय, त्यामुळे 6500 चाच दिवा सर्रास घेतला जातो. पण त्या उजेडात कातडीचा रंग फिका, राखाडी दिसतो. आरशाशी 4000 चा दिवा घ्यावा. तो ना पिवळा ना निळा. वरचा दिवा 3000 ते 4000 मधला चालतो. एकाच आरशाच्या दोन बाजूंना दोन वेगळे रंग मात्र कधीही नकोत, अर्धा चेहरा वेगळा दिसतो. नरक चतुर्दशीला पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान करताना न्हाणीच्या दाराशी पणती ठेवतात, तिचा उजेड किती निवांत वाटतो ते आपण अनुभवलं असेलच. आंघोळीच्या बाजूला थोडा उबदार रंग ठेवावा असं मला वाटतं ते त्यामुळेच.

आणखी एक आकडा बघावा, सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं हे माप, सूर्यप्रकाशासाठी 100. साधे एलईडी 80 च्या आसपास असतात. आरशाचे दिवे 90 चे मिळाले तर जरूर घ्यावेत. अंगावरचं पुरळ, लाल चट्टा, मुलांच्या डोळ्यांतली पिवळी झाक असल्या गोष्टी खऱ्या रंगात दिसायला हव्यात. घरातली ज्येष्ठ मंडळी वापरणार असतील तर उजेड थोडा जास्तच धरावा. वयाबरोबर डोळ्यांतलं भिंग पिवळसर होत जातं आणि तेवढ्याच उजेडात कमी दिसतं.

आता पाणी आणि वीज. हा भाग कृपया सावकाश वाचा.

कोणता दिवा पाण्याच्या किती जवळ चालतो ते आयपी क्रमांक सांगतो. त्यातला पहिला आकडा धूळ आणि किड्यांपासूनच्या बचावाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. घरातले नेहमीचे पॅनल आयपी 20 चे असतात, म्हणजे पाण्यापासून बचाव शून्य. आयपी 44 चा दिवा सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे सहन करतो. आयपी 65 चा दिवा धूळ अजिबात आत घेत नाही आणि पाण्याच्या धारेला टिकतो. पहिला आकडा आपल्याकडे वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे दिव्यांवर झेपावतात आणि उघड्या फिटिंगच्या तळाशी त्यांचा थर साचतो.

वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बाथरूमचे भाग पाडलेले आहेत. टब नसेल तर शॉवरच्या तोंडापासून 1.2 मीटर, म्हणजे चार फूट, आणि जमिनीपासून 2.25 मीटर उंचीपर्यंतचा भाग ओला धरतात. तिथे किमान आयपी एक्स 4 चा दिवा हवा; एक्स म्हणजे पहिल्या आकड्याची अट नाही. स्विच आणि सॉकेट तर तिथे नकोतच. 2.25 मीटर म्हणजे साधारण सात फूट पाच इंच. आपण मोजून ठेवलेली उंची इथे उपयोगी पडते. सीलिंग साडेसात फुटांवर घेतलं तर छतातला दिवा या हद्दीच्या जेमतेम वर राहतो. हातात धरायचा शॉवर असेल तर धार तिथपर्यंत सहज जाते. गिझरसाठी काढलेला लॉफ्ट सात फुटांवर असेल आणि त्याच्या खालच्या बाजूला दिवा लावला, तर तो सरळ ओल्या भागात येतो. अशा ठिकाणी आयपी 65 च घ्यावा. आठ फुटी बाथरूममध्ये शॉवरभोवतीचे चार फूट सोडले की फारशी कोरडी जागा उरत नाही, म्हणून लहान बाथरूममध्ये सगळेच दिवे किमान आयपी 44 चे घेणं शहाणपणाचं.

बादली आणि तांब्याने आंघोळ करणाऱ्यांच्या घरी पाणी वरून कमी पण खालून जास्त उडतं. तिथे पायाशी लावायचे दिवे धारेला टिकणारे हवेत.

एक बारीक गोष्ट दुकानात विचारून घ्यावी. छतात बसणाऱ्या काही डाऊनलाइटचा आयपी क्रमांक फक्त समोरच्या काचेपुरता असतो, मागची बाजू उघडीच असते. पुण्यातल्या सोसायट्यांत सीलिंगच्या वर, वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूमचे पाइप असतात आणि ते कधी ना कधी पाझरतात. पाणी मागून दिव्यात शिरतं आणि दिवा लुकलुकायला लागतो. गळतीची पहिली वर्दी पुष्कळदा दिव्याकडूनच मिळते. त्यामुळे वरच्या पाइपांच्या सांध्यांखाली दिवा घेऊ नये. सीलिंगला उघडता येईल असं झाकण ठेवावं, आणि एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे वीज दिव्याच्या मापाची करून देणारी छोटी डबी, त्या झाकणातून हाताला येईल अशी ठेवावी. दिव्यापेक्षा ड्रायव्हर आधी जातो, आणि तो बदलण्यासाठी सीलिंग कापावं लागणं फार जिवावर येतं.

वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते आपल्याला माहीत असावं. दिव्याची आणि गिझरची लाइन वेगळी, प्रत्येकीला आपापला एमसीबी. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. जुने लोक त्याला ईएलसीबीच म्हणतात. वीज माणसाच्या शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीकडे पळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा घ्यावा. त्यावर 'टी' अक्षराचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघावं. खटका पडला पाहिजे.

पेठांमधल्या जुन्या इमारतींत आणि वाड्यांत कधी कधी दोनच वायरी सापडतात, अर्थिंगची तिसरी नसतेच. तिथे धातूची फिटिंग लावण्याआधी अर्थिंग करून घ्यावं. एलईडी बंद केल्यावरही रात्री मिणमिणत राहिला तर वायरमनला बोलवावं. कधी ते स्विचमधल्या छोट्या इंडिकेटरमुळे होतं. पण कधी स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडत असतो, आणि तसं असेल तर स्विच बंद असूनही होल्डरमध्ये वीज जिवंत असते. बल्ब बदलताना हे जिवावर बेतू शकतं.

दिव्यांचे स्विच बाथरूमबाहेर, दरवाजाच्या कडीकडच्या बाजूला द्यावेत. ओल्या हाताने लावायची वेळच येऊ नये. वरचा दिवा, आरशाचा दिवा आणि रात्रीचा दिवा असे तीन वेगळे स्विच ठेवावेत. इन्व्हर्टर असेल तर निदान एक दिवा त्याच्या लाइनवर घ्यायला सांगावं, हे हमखास राहून जातं. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, वळवाच्या वादळात जाते, आणि खिडकी डक्टमध्ये असलेल्या बाथरूममध्ये दुपारी बारालाही चाचपडावं लागतं. इन्व्हर्टरच्या लाइनची न्यूट्रल इतर लाइनींत मिसळू नये हेही सांगावं, नाहीतर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो.

रात्रीसाठी एक-दोन वॅटचा पिवळसर दिवा जमिनीपासून फूटभर उंचीवर, शक्यतो कमोडच्या वाटेवर द्यावा. झोपेतून उठून जाणाऱ्या माणसाला फरशी आणि उंबरा दिसला पाहिजे, डोळे दिपता कामा नयेत. म्हातारी माणसं घरात असतील तर इतर कुठे काटकसर करा, पण हा दिवा टाळू नका. सेन्सरचा दिवा घेतला तर तो बसलेल्या माणसाला 'बघू' शकेल अशा ठिकाणी लावावा. हालचाल टिपणारा सेन्सर दरवाजाकडे तोंड करून असला तर कमोडवर शांत बसलेल्या माणसावर अंधार करून मोकळा होतो. बंद होण्याची वेळ निदान पाच मिनिटांची ठेवावी.

खरेदीसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. सकाळी, गर्दी व्हायच्या आत जावं. आपला आराखडा आणि शक्य असेल तर निवडलेली एक टाइल बरोबर न्यावी. दुकानदाराला 3000, 4000 आणि 6500 चे दिवे शेजारी शेजारी लावून दाखवायला सांगावं आणि त्यांच्या उजेडात आपला तळहात बघावा. टाइलही तशीच बघावी. खोक्यावर लुमेन, केल्विन, आयपी क्रमांक आणि भारतीय मानक ब्यूरोचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, ते तपासावं. हमीची तारीख लिहिलेलं बिल घ्यावं. बंद काचेच्या गोळ्यात साधा बल्ब घालणार असाल तर तो बंद फिटिंगमध्ये चालतो का ते विचारावं. आत उष्णता कोंडली की एलईडी लवकर मरतो.

झिरी मारण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवावी. वायरमनला लांब वायरीवर होल्डर जोडून द्यायला सांगावं आणि एकाने तो नियोजित जागी धरावा. दुसऱ्याने बेसिनसमोर उभं राहून हातातल्या आरशात चेहरा बघावा, मग आंघोळीच्या जागी उभं राहावं, मग कमोडच्या जागी स्टूल ठेवून बसून बघावं. सावली कुठे पडते ते लगेच कळतं. जागा पक्की झाली की भिंतीवर खडूने खूण करावी. पाइप टाकून झाल्यावर, टाइल्स लागण्याआधी, मोजपट्टी भिंतीला लावून चारही भिंतींचे फोटो काढून ठेवावेत. पुढे टॉवेलचा रॉड लावताना ड्रिल वायरीत जाणार नाही.

भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नाही, तरी बरंच काही करता येतं. आहे त्याच होल्डरमध्ये 6500 ऐवजी 4000 चा, पुरेशा लुमेनचा बल्ब घालावा. आरशाच्या दोन्ही बाजूंना चिकटवता येणाऱ्या, चार्ज होणाऱ्या पट्ट्या लावाव्यात आणि चार्जिंगसाठी त्या काढून बाहेर न्याव्यात. कमोडजवळ बॅटरीचा सेन्सर-दिवा ठेवावा. आरशाच्या जवळ सॉकेट आहे म्हणून त्यातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून बाथरूममध्ये दिवा लावणं मात्र कोणत्याही कारणाने करू नये.

दिवे बसल्यावर त्यांची निगा फार नाही. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असलेल्या भागात झाकणावर पांढरे डाग बसतात आणि उजेड घटतो. पावसाळा संपला की एमसीबी बंद करून, झाकण काढून ओल्या फडक्याने पुसावं, पूर्ण कोरडं करून परत लावावं, आणि रबराची कड नीट बसली आहे ना ते बोट फिरवून बघावं. ती कड तडकली असेल तर आयपी क्रमांकाला काही अर्थ राहत नाही. ती लगेच बदलून घ्यावी.